कालची आवृत्ती कोणाची?

जुलै २०२५मध्ये बिटनामीने एक सूचना काढली. डेटाबेस, वेब सर्व्हर, मेसेज ब्रोकर अशी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर ताबडतोब चालवता येतील अशा कंटेनर इमेजेस बांधून फुकट देणारं हे नाव डेव्हलपरांच्या हाताला चांगलंच बसलेलं. त्यामागे एक कंपनी आहे, ती २०१९मध्ये व्हीएमवेअरने घेतली आणि २०२३मध्ये व्हीएमवेअरलाच ब्रॉडकॉमने गिळलं, याचा विचार फारसा कोणी करत नसे. सूचना थोडक्यात अशी: यापुढे फुकट मिळतील त्या निवडक इमेजेस, त्याही फक्त ताज्या आवृत्तीच्या आणि विकासकामापुरत्या. क्रमांक लावलेल्या जुन्या आवृत्त्या ‘बिटनामी लेगसी’ नावाच्या वेगळ्या कोपऱ्यात हलवल्या जातील आणि तिथे त्यांना एकही दुरुस्ती मिळणार नाही. ज्यांना ठरावीक आवृत्ती हवी आणि तिच्यातली भगदाडंही बुजवून हवीत, त्यांनी वर्गणी भरावी. तारीख होती २८ ऑगस्ट. ओरड झाल्यावर जुनं कोठार काढून टाकण्याची मुदत २९ सप्टेंबरपर्यंत पुढे गेली. मधल्या काळात कंपनीने काही इमेजेस ठरवून थोडा थोडा वेळ बंद ठेवल्या, म्हणजे आपलं काय काय त्यांच्यावर टेकलेलं आहे ते ज्याचं त्याला वेळेत कळावं.

यात कोणाचाही परवाना बदलला नव्हता. इमेजेस बांधण्याच्या कृती गिटहबवर अपाची परवान्याखाली तशाच उघड्या राहिल्या. आतलं पोस्टग्रेस पूर्वी जितकं मुक्त होतं तितकंच मुक्त होतं. कायद्याच्या नजरेने पाहिलं तर कोणाचं काहीच गेलं नव्हतं. पण कोलमडलेला क्लस्टर अपरात्री पुन्हा उभा करताना ज्याला ‘इमेज सापडत नाही’ एवढाच निरोप मिळतो, त्याला हे पटवून देणं अवघड. हक्क शाबूत आणि वस्तू गायब, या फटीत गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे वाद साचले, त्यांची ओळख करून देण्यासाठी हे पुस्तक आहे.

या जगाशी संबंध नसलेला वाचक आधी विचारेल की जुनी आवृत्ती हवीच कशाला. फोन तर रोज ‘अपडेट करा’ म्हणून मागे लागतो. याचं साधं उत्तर असं की सॉफ्टवेअर एकटं राहत नाही. एखादा मध्यम आकाराचा प्रोग्राम शेकडो छोट्या पॅकेजेसवर उभा असतो, आणि त्यातल्या प्रत्येकाची विशिष्ट आवृत्ती गृहीत धरून तो तपासलेला असतो. बँकेत किंवा रुग्णालयात ही तपासणी कित्येक महिने चालते. ती संपेपर्यंत खालची चार पॅकेजेस पुढे सरकलेली असतात, म्हणून आकडे बांधून ठेवावे लागतात. संशोधकाची अडचण निराळी. पाच वर्षांपूर्वीच्या शोधनिबंधातला आलेख पुन्हा काढायचा तर त्या वेळची सांख्यिकीची पॅकेजेस लागतात, आजची चालत नाहीत. आणि ज्याचं यंत्रच जुनं आहे त्याला पर्यायच नसतो. मराठी ई-पुस्तकं वाचणाऱ्या अनेकांना ‘कॅलिबर’ माहीत असेल. कोविद गोयल यांनी २००६मध्ये सुरू केलेला हा प्रोग्राम पुढे जात राहिला आणि जुन्या विंडोजचा हात त्याला सोडावा लागला. पण विंडोज ७ किंवा ८ वर अडकलेल्यांसाठी ५.४४ ही आवृत्ती, आणि तिच्याआधीच्याही, त्यांनी डाउनलोडसाठी ठेवून दिल्या आहेत. हे सौजन्य आहे. कुठलाही परवाना ते सक्तीचं करत नाही.

जुनी आवृत्ती हाताशी असण्याचं सर्वांत मोठं कारण मार्च २०२४मध्ये दिसलं. ‘एक्सझेड’ नावाचं, फाइली दाबून लहान करणारं एक साधं साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी, प्रकल्पात दोनेक वर्षं विश्वास कमावून, चोरदरवाजा बसवला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं खटकलं आणि २९ मार्चला भांडं फुटलं. मग लिनक्स वितरणांनी काय केलं? मागे गेली, ५.४ वर. त्या आठवड्यात नवं ते धोक्याचं होतं आणि जुनं ते सुरक्षित. त्याच दिवसांत गिटहबने प्रकल्पाची अख्खी रिपॉझिटरीच बंद केली, हेतू चांगलाच होता. पण कोणत्या दिवशी कोणती ओळ घुसवली गेली हे तपासायला बसलेल्यांच्या पुढ्यातला मुख्य पुरावाही त्यामुळे काही काळ झाकला गेला. दडवणं आणि संरक्षण एकाच कृतीत कसं मिसळतं, याचं इतकं चोख उदाहरण दुसरं नाही.

इतिहासात थोडं मागे गेलं की एक गोष्ट ध्यानात येते. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने ‘मिळेल आणि मिळतच राहील’ असं वचन कधी दिलंच नव्हतं. १९८५च्या सुमारास चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन आपल्या ईमॅक्स या एडिटरची टेप टपालाने पाठवत आणि तिचे १५० डॉलर घेत. प्रत बनवण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा हक्क पूर्ण. घरपोच करण्याचे पैसे वेगळे. त्यांच्या जीपीएल या परवान्याच्या १९९१च्या दुसऱ्या आवृत्तीतही, जो नुसती चालती फाइल देईल आणि सोबत सोर्स देणार नाही, त्याने मागेल त्याला सोर्स पुरवण्याची लेखी हमी किमान तीन वर्षं पाळावी असं म्हटलं आहे. तीन वर्षं. आजन्म जबाबदारी कोणी कोणावर टाकलेली नव्हती. विहीर गावाची असली तरी पोहरा आणि दोर ज्याने त्याने आणायचा, असाच तो व्यवहार होता.

मग इंटरनेट आलं आणि हा व्यवहार लोक विसरले. विद्यापीठांच्या एफटीपी सर्व्हरांवर जुन्या फाइली पडून राहत, कारण त्या काढायला कोणाला सवड नसे. लिनक्सची १९९१ची ०.०१ ही आवृत्ती आजही उतरवून घेता येते. अपाची फाउंडेशनने तर पद्धतच घालून दिली: मुख्य वाटपात चालू आवृत्त्या, आणि बाकी सगळ्या एका वेगळ्या संग्रहात. ‘कर्ल’चे डॅनियल स्टेनबर्ग आपल्या जुन्या आवृत्त्या हौसेने मांडून ठेवतात. फुकट आणि कायम मिळण्याची ही सवय दोन पिढ्यांना लागली आणि सवयीचं रूपांतर अपेक्षेत झालं. आजच्या बऱ्याच भांडणांची मुळं तिथे आहेत.

या सवयीचा एक फायदा मात्र फार मोलाचा होता. फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी १९९५मध्ये एसएसएच लिहिलं. दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे शिरण्याचं हे साधन सुरुवातीला बऱ्यापैकी मुक्त होतं, पुढे कंपनी झाली आणि परवाना आवळत गेला. १९९९मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी मागे जाऊन पूर्णपणे मुक्त अशी शेवटची आवृत्ती, १.२.१२, शोधली, ब्यॉर्न ग्रोनवाल यांनी तिच्यावर आधीच केलेल्या कामाचा आधार घेतला आणि त्यातून ओपनएसएसएच उभं राहिलं. आज जगातल्या बहुतेक लिनक्स सर्व्हरांवर हेच चालतं. म्हणजे इंटरनेटच्या सुरक्षिततेचा एक मोठा खांब एका टाकून दिलेल्या आवृत्तीतून निघाला आहे. पुढच्या काळात हेच पुन्हा पुन्हा घडलं. इलास्टिकने २०२१मध्ये परवाना बदलला तेव्हा ॲमेझॉनने ७.१०.२ पासून ओपनसर्च काढलं. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलला तेव्हा आधीच्या मुक्त कोडवर ओपनटोफू उभं राहिलं. रेडिसने मार्च २०२४मध्ये तेच केलं तेव्हा ७.२.४ पासून व्हॅल्की निघालं. फोर्क, म्हणजे तोच कोड घेऊन उभा केलेला वेगळा प्रकल्प, नेहमी कालच्या आवृत्तीतूनच फुटतो. मालकाशी न पटल्यास वेगळं होण्याची मुभा हा मुक्त सॉफ्टवेअरचा कणा मानला जातो, आणि ती मुभा प्रत्यक्षात टिकून असते ती कोणाच्या तरी डिस्कवर उरलेल्या जुन्या प्रतीमुळे.

इथे धंद्याचा भाग येतो आणि तो या पुस्तकातला मला सर्वांत रोचक वाटलेला भाग आहे. १९९०च्या दशकात एल. पीटर डॉइच यांनी घोस्टस्क्रिप्टसाठी एक युक्ती काढली. नवी आवृत्ती मर्यादित परवान्याखाली, धंद्यात वापरायची तर पैसे. साधारण वर्षभराने तीच जीपीएलखाली सर्वांसाठी खुली. नवं विकत, जुनं फुकट. मारियाडीबीने आणलेला आणि हॅशिकॉर्पने उचललेला ‘बिझनेस सोर्स’ परवानाही याच घराण्यातला: जास्तीत जास्त चार वर्षांनी कोड आपोआप मुक्त होतो. शिळं झालं की वाटून टाका, असा हा हिशेब.

गेल्या सात-आठ वर्षांत वारा उलटा फिरला. प्रोग्रामच्या खिडक्या-बटणं बांधायला वापरलं जाणारं क्यूटी हे साधन बनवणाऱ्या कंपनीने जानेवारी २०२०मध्ये जाहीर केलं की दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांच्या दुरुस्त्या यापुढे फक्त पैसे देणाऱ्यांना. वर्षभराने, ५.१५ बाबत, ते अमलात आलं. मुक्त वापरकर्त्यांनी नव्या क्यूटी ६ वर जावं. पण त्यांचे प्रोग्राम अजून तिकडे जाण्याजोगे झालेले नव्हते. केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाचं अख्खं घर क्यूटीवर उभं, त्यांनी ५.१५ साठी स्वतःचा दुरुस्त्यांचा संच सांभाळायला घेतला. त्यांच्या हाती एक जुनं हत्यारही होतं. १९९८मध्ये, क्यूटीवर कोणाचा भरवसा नव्हता तेव्हा, केडीईने मालकांशी करार करून एक फाउंडेशन स्थापन केलं होतं: मुक्त आवृत्ती ठरलेल्या मुदतीत निघाली नाही तर क्यूटी अगदी सैल परवान्याखाली खुलं करण्याचा अधिकार त्या फाउंडेशनला. कंपनी आज दुरुस्त्या रोखते आणि सुमारे वर्षभराने सोडते, त्यामागे या कराराचा धाक आहे. दोन दशकांपूर्वी कोणीतरी शांतपणे कागद करून ठेवला नसता तर हा वाद कुठल्या कुठे गेला असता.

म्हणजे आता नवं फुकट, जुनं विकत. हे का उलटलं? माझ्या मते दुर्मीळ काय आहे ते बदललं म्हणून. पूर्वी नवी आवृत्ती म्हणजे नवी सोय, आणि लोक तिच्यासाठी थांबत. आज नवी आवृत्ती दर आठवड्याला येते, ती फुकट वाटण्यात कंपनीचाच लाभ, कारण लाखो लोक ती वापरून तिच्यातल्या चुका दाखवतात. पैसे मोजायला तयार असलेल्या ग्राहकाला दुसरंच काही हवं असतं: दहा वर्षं काहीही हलू नये आणि तरी छिद्रं बुजवली जावीत. ही स्थिरता बनवायला माणूस लागतो. नव्या कोडमधली दुरुस्ती सात वर्षं जुन्या कोडमध्ये नेऊन बसवणं, म्हणजे बॅकपोर्ट, हे कंटाळवाणं, किचकट आणि कौतुकाविना होणारं काम आहे. लिनक्स कर्नलच्या दीर्घकालीन आवृत्त्या सहा वर्षं सांभाळण्याची प्रथा २०२३मध्ये दोन वर्षांवर आणली गेली. लोक त्या फारशा वापरत नव्हते आणि सांभाळणारे थकले होते. या श्रमाचे पैसे मागणाऱ्याला मी दोष देणार नाही.

पण पैसे मागणं आणि दार लावणं यांत अंतर आहे, आणि ते रेड हॅटच्या प्रकरणात फार धूसर झालं. रेड हॅटच्या लिनक्सचा सोर्स घेऊन सेंटओएस तेच फुकट बांधून देत असे. डिसेंबर २०२०मध्ये जाहीर झालं की सेंटओएसची आठवी आवृत्ती २०२९पर्यंत न चालता २०२१अखेर संपेल. त्यावर अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स निघाले. मग जून २०२३मध्ये रेड हॅटने सांगितलं की जनतेसाठी फक्त सेंटओएस स्ट्रीमचा, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या वाटेवरचा, सोर्स राहील. प्रत्यक्ष विकल्या जाणाऱ्या आवृत्तीचा नेमका सोर्स ग्राहकांनाच मिळेल. जीपीएल एवढंच मागतं, त्यामुळे अक्षर पाळलं गेलं. पण ग्राहकाने तो पुढे वाटला तर वर्गणी गमावण्याची पाळी येऊ शकते, असा वर्गणीच्या अटींचा अर्थ टीकाकारांनी लावला. रेड हॅटची बाजू अशी की नुसतं पुन्हा बांधून विकणारे कामात कसलीही भर घालत नाहीत, आणि तिच्यात तथ्य आहे. ओरॅकल, सूझे आणि रॉकीमागची सीआयक्यू यांनी ऑगस्ट २०२३मध्ये ओपनईएलए नावाची आघाडी काढली, तेव्हा मुक्ततेच्या बाजूने ओरॅकल उभी राहिलेली पाहून जुन्या लोकांची करमणूकही झाली. रेड हॅटचं एक मोठं अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे, आणि सेंटओएसवर सर्व्हर चालवणाऱ्या लहान कंपन्याही पुण्यात होत्याच. हा वाद आपल्याकडे दोन्ही बाजूंनी जगला गेला.

हाच प्रश्न त्याआधी ग्रसेक्युरिटीने अधिक उघडपणे विचारला होता. लिनक्स कर्नल भक्कम करणारे त्यांचे पॅच २०१५मध्ये स्थिर आवृत्त्यांपुरते आणि २०१७मध्ये संपूर्णपणे ग्राहकांपुरते झाले, आणि ते पुढे वाटणाऱ्या ग्राहकाला पुढच्या आवृत्त्या मिळणार नाहीत अशी अट आली. हा जीपीएलचा भंग आहे असं ब्रूस पेरेन्स यांनी लिहिलं, कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि ती हरली. २०२०मध्ये अपिलातही हरली. पण न्यायालयांनी पेरेन्सना मत मांडण्याचा हक्क आहे एवढंच ठरवलं. हक्क बजावणाऱ्याला पुढचा पुरवठा तोडून शिक्षा करता येते का, हे अनिर्णितच राहिलं. मला विचाराल तर या पुस्तकातल्या सर्व प्रकारांत हा सर्वांत वाईट. जो जुनं कोठार बंद करतो तो निदान तुमच्या हातची प्रत हिसकावत नाही.

एकट्याने प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरच्या गोष्टी वेगळ्या चवीच्या आहेत. त्यांत ताळेबंद नसतो, संताप असतो. मार्च २०१६मध्ये अझर कोचुलू यांच्या एका पॅकेजचं नाव, त्यावरून झालेल्या वादात, एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या भांडाराने किक कंपनीला दिलं. त्यांनी चिडून आपली २७३ पॅकेजेस काढून घेतली. त्यांत अकरा ओळींचं ‘लेफ्ट-पॅड’ होतं. अक्षरमालेच्या डावीकडे जागा भरणं एवढंच त्याचं काम, पण त्याच्यावर बेबलसारखी बडी साधनं टेकलेली. जगभरचे बिल्ड कोसळले आणि एनपीएमने ते पॅकेज परत ठेवलं. २०१९मध्ये ‘शेफ’ कंपनीचा अमेरिकेच्या स्थलांतरित-नियंत्रण खात्याशी करार असल्याचं कळल्यावर एका माजी कर्मचाऱ्याने आपलं पॅकेज निषेध म्हणून काढलं. जानेवारी २०२२मध्ये ‘फेकर’ आणि ‘कलर्स’च्या लेखकाने, मोठ्या कंपन्या फुकट राबवून घेतात या रागाने, दोन्हींत बिघाड घालून नव्या आवृत्त्या सोडल्या. त्याच वर्षी पायथन पॅकेजेसच्या भांडाराने, पायपीआयने, महत्त्वाच्या पॅकेजेसच्या लेखकांना दुहेरी पडताळणी सक्तीची केली, तेव्हा एकाने वैतागून आपलं पॅकेज काढून पुन्हा टाकलं आणि त्यात सगळ्या जुन्या आवृत्त्या पुसल्या गेल्या. त्या परत आणाव्या लागल्या.

या धड्यांतून भांडारांनी आपापले नियम बनवले, आणि त्या नियमांत संपूर्ण विचारसरणी दिसते. जावाचं मेवन सेंट्रल एकदा आलेलं पॅकेज साधारणतः कधीच काढत नाही. रस्टच्या भांडारात लेखकाला आवृत्ती ‘यँक’ करता येते, म्हणजे नव्याने कोणी ती निवडणार नाही पण जुन्यांना मिळत राहील. पायथनने २०१९मध्ये हाच मार्ग घेतला. गो भाषेचा प्रॉक्सी एकदा मागितली गेलेली प्रत आपल्याकडे ठेवतो, लेखकाने घरी काहीही केलं तरी. एनपीएमने प्रकाशनानंतरची थोडी मुदत देऊन पुढे काढण्यावर बंधनं घातली. एवढं सगळं लेखकाच्या हातून काढून घेणं योग्य आहे का? लेखकाच्या स्वायत्ततेची बाजू घेणारे म्हणतात की फुकट दिलेल्या कामावर त्याचा एवढाही अधिकार नसेल तर तो मजूरच झाला. क्लोजरचे कर्ते रिच हिकी यांनी २०१८मध्ये सडेतोड लिहिलं होतं की मुक्तस्रोत परवाना कोडचा हक्क देतो, त्यापलीकडे लेखक वापरणाऱ्याचं काहीही देणं लागत नाही. मला हे पूर्ण पटतं, फक्त एका बाबतीत सोडून: दिलेलं परत घेण्याचा हक्क त्यातून निघत नाही. पुढे काही देऊ नका. पण काल दिलेलं आता तुमच्या एकट्याचं उरलेलं नाही, आणि ते जपण्याचं काम भांडाराने उचललं तर त्यात लेखकाचा अपमानही नाही.

भांडारं तरी हे ओझं किती काळ वाहतील? डॉकर हबने नोव्हेंबर २०२०मध्ये निनावी वापरकर्त्यांना सहा तासांत शंभर इमेजेस अशी मर्यादा घातली. जेफ्रॉगने २०२१मध्ये आपलं बिनट्रे हे भांडार बंद केलं. आर भाषेची पॅकेजेस तारीखवार जपून ठेवणारा मायक्रोसॉफ्टचा संग्रह जुलै २०२३मध्ये मिटला आणि जुने शोधनिबंध पुन्हा पडताळू पाहणाऱ्यांना दुसरी दारं शोधावी लागली. यांत कोणी खलनायक नाही. सप्टेंबर २०२५मध्ये पायथन, जावा, रस्ट यांसारख्या भांडारांच्या पालक संस्थांनी एकत्र निवेदन काढून सांगितलं की हा पुरवठा फुकट वाटतो, पण त्याचा खर्च मूठभर देणगीदार सोसतात आणि व्यापारी वापर मात्र बेसुमार वाढतो आहे. तीच फाइल दिवसाला हजारदा उतरवणाऱ्या कंपनीने ती एकदा घेऊन आपल्याकडे ठेवली तरी निम्मा प्रश्न मिटेल.

सुरक्षिततेवाल्यांचं म्हणणं आणखी वेगळं. भोक पडलेली आवृत्ती उपलब्ध ठेवणं म्हणजे धोका वाटणं, ती काढूनच टाका. लॉगफोरजे या जावा पॅकेजमध्ये डिसेंबर २०२१ला उघड झालेल्या छिद्राच्या प्रकरणानंतरही सदोष आवृत्त्या मेवन सेंट्रलवरून वर्षानुवर्षं उतरवल्या जात राहिल्या, हे त्यांच्या हातचं बळकट उदाहरण आहे. त्यावर ग्रंथपाल-वृत्तीची माणसं सांगतात की इशारा लावा, पण वस्तू ठेवा. इनरिया या फ्रेंच संस्थेने २०१६मध्ये उघडलेला आणि पुढे युनेस्कोने साथ दिलेला ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ जगभरचा सोर्स इतिहासासकट साठवतो. डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात कित्येक वर्षांची, त्या त्या दिवशीची पॅकेजेस मिळतात. यांची मर्यादा अशी की सोर्स टिकला म्हणून तो आज बांधता येईलच असं नाही. बिटनामीच्या ग्राहकाला हवी होती ती बांधलेली इमेज. युरोपियन संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४मध्ये अमलात आला, त्याची मुख्य बंधनं डिसेंबर २०२७पासून लागतील. त्यात ग्रंथपालांची सूचना जवळजवळ तशीच उतरली आहे: उत्पादकांना जुन्या आवृत्त्यांचा सार्वजनिक संग्रह ठेवता येईल, मात्र आधार संपलेलं सॉफ्टवेअर वापरण्यातला धोका ठळक सांगावा लागेल. शिवाय एकदा दिलेली सुरक्षा-दुरुस्ती किमान दहा वर्षं उपलब्ध राहिली पाहिजे. जीपीएलच्या तीन वर्षांपासून इथवरचा हा प्रवास नोंद घेण्यासारखा आहे.

आपल्याकडे या विषयाची निकड थोडी वेगळी आहे. भारत सरकारचं २०१५चं धोरण सरकारी कामांत मुक्तस्रोताला पसंती देतं. सरकारी प्रणाली एकदा बसली की दीर्घकाळ चालते, आणि ती बसवणारा कंत्राटदार तितका काळ टिकतोच असं नाही. परवाना कोणता हे विचारलं जातं. बसवलेल्या नेमक्या आवृत्त्यांच्या प्रती कोणाच्या ताब्यात राहतील हे निविदेत विचारणारी कार्यालयं विरळाच असतील. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत जुनी यंत्रं आणि जुने अभ्यासक्रम दोन्ही असतात, तिथे ताजी आवृत्ती चालतच नाही. या मंडळींनी कधी या वादांत मत दिलं नाही, त्यांना कोणी विचारलंही नाही.

या संग्रहात मेंटेनर लिहितात, सर्व्हर सांभाळणारे लिहितात, परवान्यांचे जाणकार आणि संग्रहालयांत काम केलेले लिहितात. त्यांचं आपसांत पटत नाही आणि संपादन करताना ते पटवण्याचा खटाटोप केलेला नाही. दोन लेखांत तर एकाच घटनेकडे इतक्या विरुद्ध नजरेने पाहिलं आहे की वाचकाला घटना दोन वाटतील. आधार थांबवणं, दुरुस्तीचे पैसे मागणं, प्रकाशित केलेलं मागे घेणं आणि हक्क बजावणाऱ्याला दंड करणं या चार गोष्टी संतापाच्या भरात एकच समजल्या जातात. त्या सुट्या करून पाहता याव्यात, एवढी किमान शिस्त प्रत्येक लेखकाकडून मागितली. मालकी सॉफ्टवेअर, खेळ आणि फोनवरची ॲप्स मुद्दाम बाहेर ठेवली, कारण तिथे वापरणाऱ्याला मुळात प्रतीचा हक्कच नसतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खुल्या मॉडेल्सची जुनी वजनं काढून घेतली गेली तर काय, हा प्रश्न शेवटच्या काही लेखांत डोकावतो. त्याच्यावर स्वतंत्र पुस्तक लागेल.

परिशिष्टात प्रमुख परवान्यांची संबंधित कलमं सोप्या मराठीत दिली आहेत आणि पॅकेजेसचा व इमेजेसचा स्वतःचा मिरर कसा ठेवावा याच्या कृतीही. संस्थेत सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी पुस्तक तिथूनच उघडलं तरी हरकत नाही.